वर्षभराच्या राजाची लारी

नेमगोंडा, मरायच्या आधी माणसानं समोरच्याचं एक वाक्य तरी पुरं ऐकून घ्यावं. तेवढंही तुला जमलं नाही.

त्या दिवशी कोल्हापुरात गुजरीतल्या माझ्या दुकानाच्या फळीवर बसला होतास. मी म्हणालो, "नेमू, त्या लारीचं तुला एक सांगायचं हाय." तू दाराबाहेर बघितलंस. ऊन समोरच्या कौलावर चढलेलं दिसलं तसा काठी घेऊन उठलास. "उद्या सांग. दिस मावळायच्या आत दोन घास खायला पायजेत." मी म्हणालो, "अरं, दोन मिनटाचं काम हाय." त्यावर "तुझी दोन मिनटं मला म्हाईत हाईत" म्हणून चालता झालास. तुम्हा जैनांचं ते सूर्य बघून जेवणं मी जन्मभर बघत आलोय, त्यामुळं आडवं आलो नाही. उद्या तर उद्या म्हटलं. इतकी वर्षं थांबलोय, आणखी एक दिवस. सकाळी तुझ्या शेजारचा माणूस सांगत आला.

तेवीस दिवस झाले. लोक म्हणतात, भला माणूस गेला. असशील भला. मला अजून तुझा रागच येतोय. रडू यायच्या आत राग येतो, आणि राग आला की रडू मागं सरतं ते सरतंच. हे लिहायला बसलोय तेही रागानंच. दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस मी. बैल मुतल्यासारखं अक्षर आहे असं तूच म्हणायचास. आता तेच वाच. दुसरा इलाज नाही तुला.

तुझ्या त्या इराणी नाण्यांच्या नादानं माझ्या धंद्यात किती लुडबुड केलीस त्याचा काही हिशेब आहे का? मी चांदीचं काम करणारा. मोडीला आलेली चांदी घ्यायची, आटवायची, त्याचे तोडे-वाळे करायचे. जुनं नाणं हातात आलं की आधी कडेला छिन्नीची टाकी मारायची, म्हणजे आत तांबं आहे का चांदी ते दिसतं. बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. आता डोक्याला विचारावं लागत नाही, हात आपसूक जातो. तू दरबारच्या दप्तरात कारकून लागलास, मोडी लिपीबरोबर फारसीही शिकलास, आणि डोक्याला रुमाल बांधून पहिल्यांदा माझ्या दुकानात आलास. शाळेनंतर आपण धड भेटलोही नव्हतो. त्याच वेळी माझ्या हातात एक पातळ, पसरट नाणं होतं. एका अंगाला मुकुट घातलेला माणूस, दुसऱ्या अंगाला पेटती वेदी. मी टाकी मारली ती नेमकी राजाच्या नाकावर बसली. तू असा ओरडलास की शेजारचे दुकानदार धावत आले. त्यांना वाटलं माझं बोट तुटलं.

"अरं, इराणचा राजा हाय त्यो! अग्नी पुजणारा! तेराशे वर्सं झाली त्याला!"

"असंल की. चांदी हाय का न्हाय ते बघायला नको?"

"तेराशे वर्सांत त्याचं नाक कुणी कापलं न्हाई, ते तू कापलंस लेका!"

तो नकटा राजा तू चांदीच्या भावानं घेऊन गेलास आणि तिथनं पुढं माझ्या मानगुटीवर बसलास. दर शनिवारी हजर. आल्यावर खुशाली नाही, पाणी नाही, आधी मोडीची टोपली पुढ्यात ओढायची. बायका दिवाळीला लक्ष्मी म्हणून पूजलेली नाणी घेऊन यायच्या, त्यात एखादं इराणी निघायचं. एकदा शहा अब्बासचं नाणं निघालं. हळदीकुंकवानं त्याची सगळी अक्षरं बुजली होती. तू सकाळपासून काडी घेऊन एकेका अक्षरातली हळद उकरत बसलास आणि माझी गिऱ्हाइकं उभ्या उभ्या परत गेली. मी म्हणालो, "आण इकडं, चिंच लावून चकचकीत करून देतो." तर तू ते मुठीत असं लपवलंस, जणू मी तुझं मूल मागतोय. म्हणे, तीनशे वर्षांचा काळेपणा म्हणजे नाण्याचं वय, तो घासायचा नसतो. आमच्या धंद्यात काळं राहिलेलं चांदीचं काम गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. तुला कसं कळणार? तू कधी कुणाला काही करून विकलंस?

आणि ती घराणी! मला माझ्या पणजोबाचं नाव माहीत नाही, पण इराणचं सफवी घराणं मला आजही पाठ आहे. पहिला शहा इस्माईल. त्याचा पोरगा तहमास्प, पन्नासावर वर्षं गादीवर. तहमास्पचा पोरगा दुसरा इस्माईल. मग त्याचा थोरला भाऊ खुदाबंदा, डोळ्यानं अधू. खुदाबंदाचा पोरगा अब्बास. मी तोडे घडवत असायचो आणि तू ऐरणीच्या ठोक्यांवर ओरडून ही नावं सांगायचास. मी ऐकत नाही असं वाटलं की मधेच विचारायचास, "सांग, खुदाबंदाच्या आधी कोण?" दुसरीत मास्तरांनी विचारलं की मी गप्प बसायचो म्हणून शाळा सुटली, आणि म्हातारपणी तू पुन्हा माझी शाळा भरवलीस.

आता मलकापूरच्या लोट्याचं बोलतो. त्यावरनं तू मला आठ वर्षं टोचून खाल्लंस. आज माझी बाजू ऐक. उठून जायला तुला आता सूर्य नाही.

संस्थान विलीन झालं त्या सालची गोष्ट. दरबार गेला, तुझं दप्तर गेलं, तू वेळेआधीच घरी बसलास. अशात मलकापूरकडचा एक शेतकरी मातीनं भरलेला लोटा घेऊन माझ्या दारात आला.

"या पावणं," मी म्हणालो, "काय आणलंय?"

"नांगराला लागलं बघा. बायकांच्या केसातलं आकडं असत्याल. वाकडंतिकडं हाय, पर चांदी दिसतीया."

मी बघितलं. बोटभर लांबीच्या चांदीच्या तारा, मधे दुमडलेल्या, चिमट्यासारख्या. कसोटीवर घासल्या तर चांदी अशी की हाताला समाधान वाटावं. मी त्याला भाव दिला, तो खूश होऊन गेला. कागलच्या एका लग्नाचे तोडे द्यायचे होते. तारा मुशीत घातल्या आणि आटवल्या. यात मी काय पाप केलं ते मला आजही कुणी सांगावं.

शनिवारी तू आलास. लोट्याच्या तळाला मातीत दोन तारा चिकटून राहिल्या होत्या. तू एक उचललीस, उजेडात धरलीस, भिंग काढलंस. त्या दिवशी ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं.

"महादू, हे काय हाय म्हाईत हाय?"

"केसातला आकडा."

"ही लारी हाय."

"लारी? ती मोटार असती न्हवं?"

तू हसलाही नाहीस. इराणात लार नावाचं गाव आहे, तिथलं हे नाणं, असं सांगितलंस. गोल नाण्याऐवजी तार कापायची, दुमडायची आणि दोन्ही अंगांना ठसा मारायचा. ठसा मोठा, तार बारीक, म्हणून तारेवर अर्धीमुर्धीच अक्षरं उमटतात. इराणच्या बंदरातनं जहाजांवर चढून ती दाभोळला यायची, व्यापाऱ्यांना ती इतकी सोयीची पडली की पुढं विजापूरच्या आदिलशहानं दाभोळातच आपली लारी पाडली. आंबा घाट चढून माल पन्हाळ्याकडं यायचा, त्याबरोबर हीही यायची. मलकापुराजवळ कुणीतरी भीतीनं पुरली असेल आणि काढायला परत आला नसेल.

मग विचारलंस, "लोट्यात किती हुत्या?"

"भरलेला हुता."

"कुठं हाईत?"

मी खिळ्याला टांगलेले तोडे दाखवले. पुरे झाले होते, घुंगरं लावायची तेवढी राहिली होती. तू उठलास, त्या तोड्यांवरनं एकदा हात फिरवलास आणि काठी घेऊन निघून गेलास. चार महिने फिरकला नाहीस. मीही आलो नाही. का यावं? मी माझा धंदा केला होता. तारेवर 'मी नाणं आहे' असं मराठीत लिहिलेलं नव्हतं.

चार महिन्यांनी आलास तो हातात कागदाचा चिटोरा घेऊन. त्या दोन लाऱ्या तहमास्पच्या निघाल्या होत्या. सागवानी पेटीत मखमलीचे कप्पे करून घेतले होतेस, तहमास्प आणि खुदाबंदा यांच्या मधला कप्पा मोकळा सोडला होतास. दुसऱ्या इस्माईलसाठी. बापानं वीस वर्षं किल्ल्यात कोंडून ठेवलेला, बाहेर आल्यावर भावाबंदांना मारत सुटलेला आणि वर्षभराच्या वर थोडे दिवस राज्य करून मेलेला माणूस.

मी म्हणालो, "असल्या हरामखोराचं नाणं कशाला पायजे तुला?"

तू म्हणालास, "राजा बरा का वाईट हे मी ठरवत न्हाई. तो गादीवर बसलावता. त्याला गाळून घराणं मांडता येत न्हाई."

त्या चिटोऱ्यावर तू त्याचं नाव फारसीत मोठ्या अक्षरात काढून आणलं होतंस. "हे ध्यानात ठिव. असलं अक्षर दिसलं तर मुशीत घालू नगंस. पाया पडतो तुझ्या." मी खळ लावून तो चिटोरा ऐरणीसमोरच्या भिंतीला चिकटवला. आणि त्या दिवसापासून तुझी रड सुरू झाली. "त्या लोट्यात माझा इस्माईल असणारच." चहा पिताना, देवळाच्या पायरीवर, माझ्या थोरल्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या देखत. माझ्या बायकोच्या दहाव्याला नदीवर आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "महादू, त्यो लोटा..." नेमू, तुला त्या वेळी नदीत ढकलायला पाहिजे होतं.

दोन वर्षं हे ऐकलं. एक दिवस सकाळी ऐरणीपुढं बसलो, समोर तुझा चिटोरा. म्हटलं, याला इस्माईल पाहिजे ना? घे.

आता नीट ऐक, हेच तुला सांगायचं होतं.

त्या लोट्यातल्या चांदीची तोड्यांतनं उरलेली तार मी जपून ठेवली होती. ती कापली, ठोकली, दुमडली. जुन्या ठशाच्या मागच्या तोंडावर तुझं अक्षर कोरलं. अक्षर उलटं कोरावं लागतं, म्हणून चिटोरा आरशात धरून कोरलं. मला वाचता येत नसेल, पण जी रेघ दिसते ती मी काढतो. चार दिवस लागले. ठसा मारला तेव्हा तारेवर अर्धंच नाव उमटलं, तू सांगितलं होतंस तसंच. मग ती गोठ्यात पुरून ठेवली, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत. काढली तेव्हा अशी काळी झाली होती की मलाच फसल्यासारखं झालं. आणि काय केलं माहीत आहे? हातात जुनं नाणं दिसलं तसा हात गेला आणि मी माझ्याच लारीला टाकी मारली. स्वतःवर हसलो. म्हटलं, नेमू बघताक्षणी ओळखेल, शिव्या देईल, मी पोट धरून हसेन, आणि तो लोटा एकदाचा संपेल.

तुला म्हणालो, "फळीखालचा केर काढताना सापडली. त्या लोट्यातली असंल."

तू भिंग लावलंस. किती वेळ बघत राहिलास. मी हसू दाबून बसलो होतो. मग तू भिंग खाली ठेवलंस आणि वाकून माझ्या पायाला हात लावलास.

दप्तरातला शिकलेला माणूस, वयानं माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, भर बाजारात माझ्या पायाला हात लावतो. सांग, त्या वेळी मी काय बोलायला पाहिजे होतं? "ऊठ येड्या, मी केलीया ती" असं? तोंडाशी आलेलं गिळलं. म्हटलं, दिवाळीला फराळाला येईल तेव्हा सांगू. दिवाळीला तू पेटी घेऊन आलास आणि माझ्या सुनेला त्या लारीची कथा सांगितलीस. म्हटलं, पुढच्या दिवाळीला.

तेवढ्यात तू त्या लारीबद्दल पुण्याच्या एका नाण्यांतल्या जाणत्या गृहस्थांना पत्र घातलंस. त्यांनी ठसे मागवले, बघितले आणि सभ्य शब्दांत कळवलं की अक्षर अलीकडच्या हातचं वाटतं. बरोबर ओळखलं होतं की माणसानं! तुझा मात्र भडका उडाला. दुकानात येऊन तू त्यांचं पत्र फळीवर आपटलंस आणि तुझं उत्तर मला वाचून दाखवलंस. ती टाकी म्हणे जुन्या काळच्या बंदरावरच्या सराफानं मारलेली, तीच नाण्याच्या खरेपणाची खूण. माझी टाकी! छिन्नीचा कोपरा तुटल्यानं माझी टाकी एका अंगाला खोल जाते. तू ती शंभर नाण्यांवर बघितली होतीस, तिच्यापायी मला शंभर वेळा शिव्या दिल्या होत्यास, आणि या एका नाण्यावर ती तुला चारशे वर्षांची वाटली.

आणि पुढचं ते वाक्य. ते मला पाठ आहे. "सदर नाणे ज्यांजकडून मिळाले ते माझे बालमित्र अल्पशिक्षित असून फारसी अक्षर त्यांस ओळखताही येत नाही, तेव्हा त्यांनी ते बनविले असण्याचा संभव नाही. शिवाय ते मजशी कधी खोटे बोललेले नाहीत."

तू वाचून वर बघितलंस, मी खूश होईन अशा तोऱ्यात. मला एकाच वेळी तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि तुला कवटाळावंसं वाटलं. मला जमणार नाही म्हणतोस? अरे, तू जन्मभर ज्या कारागिरांची भिंगातनं पूजा केलीस त्यांच्यातल्या कितीजणांना लिहिता येत होतं? आणि वर शेवटचं ते वाक्य. तू मला मूर्ख म्हणून सोडलं असतंस तर मी त्याच दिवशी बोललो असतो. खरा म्हणालास, म्हणून जीभ अडकली. मग पाच वर्षं अडकूनच राहिली.

आता तुझ्यामागं काय झालं ते ऐक.

गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीनं, पद्मानं निरोप धाडला. गारगोटीला शिकवते त्या शाळेतनं रजा घेऊन आलीय. तुझ्या खोलीत बसली होती, पुढ्यात पेटी, वह्या, चिठ्ठ्या. पुण्याच्या त्याच गृहस्थांचं पत्र आलंय. तुझी सगळी नाणी ते तिकडच्या संग्रहात घेणार आहेत, त्यांची यादी तुझ्या नावानं छापणार आहेत. आणि पुढं लिहिलंय, त्या लारीबद्दल आपली शंका होती, पण तुझ्यासारख्या माणसानं इतक्या ठामपणानं लिहिल्यावर ती मागं घेतो, तिचं चित्र यादीत पहिलं घालतो.

पद्मा म्हणाली, "काका, ती कुठं सापडली ते नीट सांगा. मी तसं कळवते."

मी म्हणालो, "पोरी, ती सापडली न्हाई. ती मी केलीया."

ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली. मी सगळं सांगितलं. ऐकून तिनं तुझ्या पत्राची नक्कल काढली, तुझ्याच वाक्यावर बोट ठेवलं आणि अगदी मायेनं, आजारी माणसाशी बोलतात तशी म्हणाली, "काका, अण्णा गेल्यामुळं तुमच्या मनाला लागलंय. अण्णांना खरंखोटं कळलं नसतं का?"

"न्हाई कळलं!"

"पण तुम्हाला फारसी येत नाही की."

"टाकी बघ. माझी हाय ती."

"टाकी तुमची असेल, काका. नाणं सापडल्यावर तुम्ही मारली असेल."

नेमू, कपाळ बडवून घ्यायची वेळ आणलीस. आयुष्यभर मी खोटं बोललो एकदाच, आणि खरं सांगायला गेलो तर तुझा कागद माझ्यापुढं आडवा उभा. तुझी पोरगी तुझ्यावरच गेलीय. पुराव्याशिवाय बापालासुद्धा मानायची नाही.

तसाच उठलो, गुजरीत आलो. भिंतीवरचा चिटोरा पाण्यानं भिजवून सुटा केला. वर्षांची काजळी, खळीचे डाग, पण अक्षर शाबूत. ठसा हत्यारांच्या पेटीतच होता, त्याच्या पुढच्या तोंडानं मी अजून वाळ्यांवर फुलं मारतो. लाखेची कांडी घेतली. परत तुझ्या खोलीत जाऊन लाख तापवली आणि तिच्यासमोर ठशाचं मागचं तोंड दाबलं. चिटोरा त्याच्या शेजारी ठेवला, लारी त्याच्या शेजारी.

पद्मानं तुझं भिंग घेतलं. आधी लाख बघितली, मग लारी, मग चिटोरा. चिटोऱ्यावर थांबली.

"हे कुणी लिहिलंय?"

"तुझ्या बापानं."

"अण्णांचा हात आहे हा. शेवटचं अक्षर बघा, मोडीसारखं मागं ओढलंय. ते फारसी लिहितानाही असंच ओढायचे. शिकवणारे मुन्शी त्यांना त्यावरनं रागवायचे म्हणे." मग तिनं परत लारीकडं बघितलं. "तेच आहे की इथं. अगदी तसंच."

व्हय बाबा. तेच आहे. तू स्वतःचं अक्षर ओळखलं नाहीस. पुण्याचा माणूस म्हणतोय अक्षर अलीकडच्या हातचं, आणि ज्याचा हात तोच म्हणतोय, नाही, हे चारशे वर्षांपूर्वीचंच! तुझ्या डोळ्यांना काय झालं होतं? का इतकं पाहिजे होतं तुला ते, की दिसतंय ते दिसू नये?

पद्मा हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ लावून बसली. मी भिंतीकडं बघत राहिलो. सांत्वन करणं मला येत नाही, तुला माहीत आहे.

मग ती म्हणाली, "काका, हे आपल्या दोघांतच ठेवू. अण्णांना लोक हसतील. आयुष्यभर एवढं केलं आणि शेवटी एका..."

"एका सोनारानं फसवलं. बोल की."

"मी तसं म्हणत नव्हते."

"पोरी, आज हे छापलं तर उद्या कुणीतरी शहाणा निघंल. त्याला कळंल ही खोटी हाय. मग त्यो म्हणंल, ज्यानं ही खरी म्हणून छापली त्याची बाकीची तरी खरी कशावरनं? तुझ्या बापानं एकेक नाणं डोळं फोडून वाचलंय. माझ्या एका तारेपायी ती सगळी मातीत जात्याल. हसायचंच असंल तर आज हसू देत, आणि मला हसू देत."

तिनं कागद पुढं सरकवला. "मी लिहिते, तुम्ही सांगा."

"मी लिवतो," म्हणालो. अल्पशिक्षित आहे, अशिक्षित नाही.

तीन दिवस लागले, नेमू. पेन हातात धरला की बोटं छिन्नी समजून दाबतात, दोन निबा मोडल्या. पुण्याच्या गृहस्थांना लिहिलं की तुमचं बरोबर होतं. ही लारी कोल्हापुरात गुजरीतल्या महादेव सोनारानं केली. अक्षर नेमगोंडाचं, ठसा माझा. चांदी मात्र मलकापूरच्या खऱ्या लाऱ्यांचीच आहे, ती मीच आटवली. नेमगोंडानं फसवलं नाही, तो फसला. पेटीतलं बाकी सगळं त्यानं स्वतः वाचून ठेवलेलं आहे, ते खरं धरावं, आणि त्यात काही चूक निघाली तर मला विचारू नये, मला त्यातलं कळत नाही. बरोबर चिटोरा, लाखेचा ठसा आणि ती लारी घातली. काल पद्मानं पोस्टात टाकलं.

पाकीट बंद करण्याआधी तिनं वाचून बघितलं. एकदोन अक्षरं सुधारते का म्हणाली, मी नको म्हणालो. मग हळूच म्हणाली, "काका, शेवटी क्षमा मागितली असती तर बरं दिसलं असतं."

"त्यांची? त्यांचं काय बिघडवलंय मी? त्यांना तर मी बरोबर ठरवलंय."

ती पाकिटाला गोंद लावत राहिली. तुझ्यासारखीच गप्प बसते, मग आपल्यालाच बोलावं लागतं.

तर आता बोलतो. लोट्याचं नाही, ते मी आजही धंदाच म्हणेन, त्यावर तू वर बसून आणखी आठ वर्षं भांडलास तरी चालेल. पण लारीचं चुकलं माझं, नेमू. तू पायाला हात लावलास तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चुकलो.

झालं. दोन मिनटंच लागली.